शर्यतीच्या गाडीतली डावी जागा

पुण्याच्या एका मोटारवाल्या साहेबांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. सुरुवातीलाच हे स्पष्ट लिहितो, कारण आमच्या भागात ही गोष्ट आता उलटी सांगितली जाते. मिस्त्रीने साहेबांकडून भलतंच काहीतरी मागितलं आणि साहेबांनी ते बरोबर टाळलं, असं लोक म्हणतात. मी मागितलं होतं ते भलतं नव्हतं. त्यांनी ते कबूल केलं होतं आणि कबूल केलेलं दिलं नाही.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. शिमगा जवळ आला होता. घोटावडे फाट्यावर माझी पत्र्याची शेड होती. लढाईच्या काळात मी पुण्याला लष्करी गाड्यांच्या डेपोत सुटे भाग धुवायला होतो. पुढे लिलावात निघालेली दुरुस्तीची हत्यारं घेतली आणि इथे येऊन बसलो. पौड, माण, नांदे, घोटावडे, जिथे भाताची गिरणी तिथे तिचं इंजिन माझ्या हातचं. शिवाय चार-सहा ट्रक. मला शिकवायला कोणी उस्ताद नव्हता. जे बिघडलं ते उघडलं आणि जे उघडलं ते कळेपर्यंत झाकलं नाही, एवढंच माझं शिक्षण.

एका दुपारी पिरंगुटच्या बाजूने एक बैलजोडी येताना दिसली. मागे गाडी नव्हती, मोटार होती. लाल, बुटकी, उघडी, दोनच माणसांची. शर्यतीची गाडी मी तोवर चित्रातच पाहिली होती. चाकामागे चष्मा डोक्यावर सरकवलेले एक गृहस्थ बसले होते. धुळीने त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बैल हाकणारा आमच्याच गावचा म्हातारा शेतकरी, जिभेचा तिखट.

"मिस्तरी, ह्यो घ्या लाल घोडा," म्हातारा म्हणाला. "चढावर बसला. माझी बैलं पेट्रोल पीत न्हाईत तरी चढली बगा."

साहेब हसले नाहीत. खाली उतरून मला म्हणाले, "मिस्त्री, तीन आठवड्यांवर शर्यत आहे. पुण्याहून इथून पौडच्या पुढच्या तळ्यापर्यंत आणि परत. गेल्या वर्षीही गाडी इथेच गुदमरली. पुण्यात दोन ठिकाणी दाखवली. ते म्हणतात, काही दोष नाही."

मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या एका अंगाला दोन कार्बुरेटर, आणि त्यांच्या तोंडाशी नुसती जाळी. त्या जाळीतून चिमणी सहज आत गेली असती. माझी बायको पाणी घेऊन आली होती, तिने वाकून पाहिलं. "एवढीशी गाडी, आन् तिला दोन-दोन नाकं!" म्हणाली आणि निघून गेली. पुण्याच्या दोन्ही कारागिरांपेक्षा तिला जास्त कळलं होतं. मी ती नाकं उघडली. आत खळं सारवावं तशी मातीची साय बसली होती.

"साहेब, तुमची गाडी माती खाती," मी म्हणालो.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं लोक म्हणतात, पण पेट्रोलापेक्षा ते हवाच कितीतरी जास्त पितं. ती हवा विलायतेत स्वच्छ असेल. आमच्या रस्त्यावर पुढे एक ट्रक गेला की मागच्याला अर्धा मैल काही दिसत नसे. ही गाडी जमिनीपासून वीतभर उंच. सगळा धुरळा तिच्याच तोंडात. त्यात तिचं तोंड इंजिनाच्या उष्म्यात, म्हणजे मिळते ती हवाही तापलेली. भाताच्या गिरणीचं इंजिन पहाटे जेवढ्या जोरात चालतं तेवढं दुपारी चालत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. गार हवा दाट असते. इंजिनाला ती मानवते.

साहेबांना मी हे सगळं सांगितलं. म्हणालो, पुढून, रेडिएटरच्या शेजारून गार हवा घेणारी पेटी बनवतो, आणि त्या पेटीत धूळ धरण्याची सोय करतो.

"किती घ्याल?" त्यांनी विचारलं.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी सौदा करतो. मीठ घेतानाही करतो. पौडच्या बाजारात मी आलो की काही दुकानदार आत जाऊन बसतात, असं बायको म्हणते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. मी म्हणालो, "मजुरी नको. शर्यतीच्या दिवशी तुमच्या शेजारची जागा मला द्या. पुण्यापासून तळ्यापर्यंत."

साहेब हसले.

"हसायला काय झालं?" माझा आवाज चढला. "नियमात बसत न्हाई का?"

"बसतं, बसतं," ते म्हणाले. "बरोबर मेकॅनिक न्यायची मुभा आहे. पण तुम्हाला त्यात काय मिळणार?"

तेव्हा मी त्यांना धंद्याचं कारण सांगितलं. सगळे ट्रकवाले रस्त्याला उभे असतील, ते बघतील, माझं नाव होईल. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या बापाने याच रस्त्याची खडी फोडली. पिरंगुटच्या चढावर, गोणपाटाच्या आडोशाला बसून. मोटार आली की तो हातोडा खाली ठेवून तोंडावर पटका ओढायचा आणि धुरळा बसला की पुन्हा फोडायला लागायचा. तो आयुष्यात कधी मोटारीत बसला नाही. मी शेकडो मोटारी हाताळल्या, पण खालून. पाठीखाली गोणपाट, डोळ्यात ग्रीस. ट्रकच्या केबिनमध्ये बसलो तोही आवाज ऐकायला. नुसतं बसायचं, वारा खायचा, आणि त्या चढावरून पुढे निघून जायचं, हे आमच्या घरात कोणी केलं नव्हतं.

साहेबांनी हात पुढे केला. माझा हात तेलाने काळा होता. त्यांनी तो तसाच धरून हलवला. "ठरलं," म्हणाले.

इथे माझी चूक झाली. आमच्याकडे बैल घेतला, जमिनीचा तुकडा घेतला, साधी गवताची गंजी घेतली तरी विसार देतात. तो रुपया असेल नाहीतर नारळ असेल, पण चार माणसांसमोर हातावर ठेवला की दोघेही बांधले गेले. मग मागे फिरणाऱ्याला बाजारात कोणी उभं करत नाही. विसाराशिवाय मी कधी पानाही विकत घेतला नव्हता. पण साहेबाने आपला काळा हात धरला याचंच मला एवढं वाटलं की विसाराची आठवणच राहिली नाही. म्हातारा बैलांना पाणी पाजायला गेला होता. बायको आत होती. साक्षीला कोणी नाही.

कामाला लागलो. पहिल्यांदा मी केलं ते गिरणीच्या इंजिनावरचं. तिथे कोंडा एवढा उडतो की समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून हवेच्या वाटेवर तेलाचं भांडं बसवलेलं असतं. हवा तेलावर आपटून वळते आणि धूळ तेलात बसते. महिन्याने भांडं उघडावं तर खाली चिखल. तसंच लहान भांडं मी गाडीला बसवलं. लष्करी ट्रकच्या रेडिएटरचा जाड रबरी पाइप, पत्र्याची पेटी, सांध्यांना कथलाचा डाग दिलेला, आणि फटी बुजवायला घोंगडीच्या कापलेल्या चकत्या. साहेब आठवड्याने आले, गाडी घेऊन सुसाट गेले, आणि पहिल्याच वळणावर निळ्या धुराचा लोट उठला.

परत आले ते तणतणत. "मिस्त्री, ही गाडी आहे, चूल नाही!"

"मग वळनावर येवढी वाकडी करायला तुमाला कुनी सांगितलं?" मी ओरडलो.

ओरडलो आणि आपल्याच बोलण्याने गप्प झालो. गिरणीचं इंजिन जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेलं असतं. ते कधी वळत नाही. माझ्या हातून गेलेली सगळी इंजिनं एका जागी उभी राहणारी, नाहीतर ट्रकसारखी डुलत चालणारी. गाडी वळली की तेल भांड्यातून उसळून थेट नाकात जाणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. पंधरा वर्षं गिरण्यांत घालवलेल्या माणसाचीच ही चूक.

साहेब त्या दिवशी चिडले, पण थांबले. शेडबाहेरच्या ओंडक्यावर बसून चहा प्यायले. मी भांडं काढून फेकलं आणि दुसरा विचार केला. तेल हवं, पण सांडणारं नको. काथ्या पिंजून, तेलात भिजवून, पिळून, दोन जाळ्यांच्या मध्ये दाबून बसवला. हवा त्यातून जाईल, धूळ तेलकट काथ्याला चिकटेल. इंजिनाच्या बाजूला फार बारीक जाळी हवी होती, नाहीतर काथ्याचे धागेच आत जायचे. तशी जाळी फाट्यावर एकाच ठिकाणी होती.

"अवो, माझी मैद्याची चाळण कुटं गेली?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"इंजनात."

"इंजनात? आता शिमग्याला त्येला पुरनपोळी बी घालताय व्हय?"

पेटी बसल्यावर इंजिनाला हवा वेगळी मिळते, म्हणून पेट्रोलही पुन्हा जुळवावं लागतं. दोन्ही कार्बुरेटर सारखे ओढतात की नाही ते मी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्यांच्या तोंडाला लावून ऐकतो. सारखा आवाज आला की झालं. डावा थोडा जास्त फुसफुसत होता. त्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला. मग दोघे एका सुरात आले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि त्याबद्दल मला कोणाचीही साक्ष नको.

शर्यतीच्या चार दिवस आधी साहेब आले. गाडी सुरू करून पाहिली, आवाज ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला. डावीकडचं दार उघडून म्हणाले, "चला मिस्त्री, बसा. तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

मी नाही म्हणालो.

या एका नकाराचा मी पुढे रात्रंदिवस विचार केला आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात बाजार होता. दुकानात नमुन्याचा गूळ तोंडात टाकला की दुकानदार माल घेतला असंच धरतो. आज बसलो तर शर्यतीच्या दिवशी हे म्हणतील, झाली की तुमची फेरी. एवढा हुशार मी. म्हणालो, "न्हाई साहेब. मी हितं उभा राहून आवाज ऐकतो. बसायचं ते शर्यतीलाच."

"जशी तुमची मर्जी," साहेब म्हणाले, आणि एकटेच गेले. गेले ते इतके सुरेख गेले की मी रस्त्यात उभा राहून टाळी वाजवली. वळणावर धूर नाही, चढावर दम लागत नाही. परत आले तेव्हा पेटी उघडून पाहिली. काथ्या मातकट लाल झाला होता आणि चाळण कोरी करकरीत.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मी दाढी केली, लग्नातला कोट घातला आणि दुधाच्या गाडीने पुण्याला गेलो. फाट्यावर बायकोने हार आणून ठेवला होता. दहा-पंधरा माणसं जमणार होती. म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं बगून हात कर, न्हाईतर साहेब झाला म्हनू."

मैदानात गाड्या उभ्या होत्या. साहेब दिसले. "आलात का मिस्त्री! बरं झालं. जरा शेवटचं बघून घ्या."

मी कोट काढून एका खांबावर टांगला, बॉनेट उघडलं, नळी कानाला लावली. सगळं बरोबर होतं. बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि कोट घ्यायला वळलो. खांब पंधरा पावलांवर असेल. कोटाच्या एका बाहीत हात घालतो तोच मागून आवाज झाला. तो आवाज मला ओळखावा लागत नव्हता, माझ्याच हातचा होता. वळून पाहिलं तर लाल गाडी रांगेतून पुढे सरकत होती आणि डावी जागा रिकामी होती. मी "साहेब!" म्हणून हाक मारली. धावलोसुद्धा, एक बाही लोंबकळत असताना. पांढरा झेंडा खाली आला आणि गाडी गेली.

दुसऱ्या कोणाला बसवलं असतं तर मला कळलं असतं. मेहुणा असतो, मित्र असतो, मोठा माणूस असतो. भांडलो असतो आणि विसरलो असतो. पण ती जागा त्यांनी रिकामी नेली.

मिळेल त्या ट्रकने परत निघालो. फाट्यावर पोचलो तोवर शर्यत तळ्यावरून परत फिरून गेलीसुद्धा होती. रस्त्यावर गर्दी होती, पण सगळ्यांची तोंडं पिरंगुटच्या बाजूला. मी ट्रकमधून उतरलो तशी बायको पळत आली आणि तिने माझे दोन्ही दंड चाचपले.

"कुटं लागलंय का तुमाला?"

"मला काय लागायचंय?"

"जाताना बी जागा रिकामी, येताना बी रिकामी. आमाला वाटलं, पडला तुमी कुटंतरी."

तेवढ्यात म्हातारा आला. घामाघूम झालेला. तो बैलगाडी जुंपून पिरंगुटच्या ओढ्यापर्यंत जाऊन आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांचे खड्डे बघत, मला हाका मारत. मला धडधाकट बघून त्याने गाडीतच बसकण मारली. "मेल्या," म्हणाला, "पडला न्हाईस तर गेला हुतास कुटं?"

मी लग्नातला कोट काढून हातावर घेतला. हार बायकोच्या हातातच होता. तिने तो हळूच पदराखाली घेतला. माझ्या मागे जमलेली माणसं काही न विचारता पांगली, आणि आमच्या गावात काही न विचारता माणसं पांगतात तेव्हा काय समजायचं ते मला ठाऊक आहे.

साहेब पहिले आले. दोन दिवसांनी वर्तमानपत्र फाट्यावर आलं. शाळेचे गुरुजी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचायचे, तसं त्यांनी ते वाचलं. विजेत्याने सांगितलं होतं की आपल्या गाडीला विलायतेहून खास मागवलेली हवा गाळण्याची पेटी बसवली होती, म्हणून धुळीचा त्रास झाला नाही. गुरुजी वाचता वाचता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले.

म्हातारा म्हणाला, "विलायत म्हंजी घोटावड्याच्या पल्याड का अल्याड, मिस्तरी?"

सगळे हसले. मी टपरीचं बाकडं उलथून टाकलं. गुरुजींचा चहा सांडला. त्याचं मला वाईट वाटतं, त्यांचा काही दोष नव्हता.

त्यानंतर मी तीनदा साहेबांच्या बंगल्यावर गेलो. पहिल्यांदा साहेब झोपले होते, दुसऱ्यांदा मुंबईला होते, तिसऱ्यांदा फाटकावरचा माणूस म्हणाला, "मजुरीचं असेल तर मला सांगा, आत कळवतो." मजुरीचं नव्हतं. मग मी गुरुजींकडून पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं नाही. दुसरं रजिस्टर करून पाठवलं. पोचपावती आली, त्यावर साहेबांची सही. म्हणजे मिळालं, वाचलं.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. माझं काही अडलं नाही. शेडच्या जागी पक्कं बांधकाम झालं, ट्रक वाढले, हाताखाली माणसं आली. राग मात्र तेवढाच आहे. पण नुसता राग धरून बसणारा मी नाही. मी सौदेवाला आहे, समोरच्याच्या बाजूनेही तोलून बघतो. साहेबांच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते मी म्हणून पाहिलं आहे. गाडी हलकी राहावी म्हणून मला नेलं नसेल. असेल, पण मग तसं सांगायचं. जिंकायला मी ओझं होतो असं ते म्हणाले असते, तर मी स्वतः मागे सरकलो असतो, कारण ती गाडी जिंकावी असं माझ्याइतकं कोणाला वाटत होतं? दुसरं, मी फेरी नाकारली तेव्हा त्यांना वाटलं असेल की मिस्त्रीला आता बसायचं नाही. हेही शक्य आहे, आणि यात माझाही वाटा आहे. बाजारातली हुशारी मी नको तिथे चालवली. पण "बसायचं ते शर्यतीलाच" हे माझे शब्द होते. ते त्यांनी ऐकले होते. तिसरं, गडबडीत विसरले असतील. मग पत्र आल्यावर तरी आठवायला हवं होतं.

आणि विलायतेचं काय? त्यात वजन नाही, गडबड नाही, माझा नकार नाही. बायकोची चाळण आणि घोंगडीच्या चकत्या यांना विलायती म्हणण्यात त्यांचा काय फायदा होता, हे मला कुठल्याही बाजूने मोजता येत नाही. कधी कधी वाटतं, कारण काहीच नसेल. चाकामागे बसताना शेजारची जागा कोणाची आहे हा विचारच त्यांच्या मनात आला नसेल, आणि वर्तमानपत्रवाल्याला घोटावडे फाटा हे उत्तर सांगण्यासारखं वाटलं नसेल. हे खरं असेल तर फसवण्यापेक्षा वाईट आहे. फसवणारा निदान समोरच्याला माणूस धरतो.

साहेब अजून सुटीला पाहुणे घेऊन याच रस्त्याने तळ्यावर जातात. गाडी आता मोठी आहे, बंद काचांची. फाट्यावर ती सावकाश होत नाही. म्हणून हे लिहून छापायला दिलं. पत्राला उत्तर देत नाही त्याने छापलेल्याला तरी द्यावं.

साहेब, मला मजुरी नको, माफी नको, मिठाई नको. एका रविवारी फाट्यावर गाडी थांबवा. म्हातारा अजून आहे, गुरुजी आहेत, माझी बायको आहे. ओढ्यापर्यंत खड्डे शोधत गेलेल्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगा, ती जागा रिकामी का नेलीत. आणि माझ्या बायकोच्या तोंडावर सांगा, ती पेटी कोणत्या गावी बनली. उत्तर काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण उत्तर द्या.